हवापाणी : मुलगा ओक्लाहोमात, जीव सोलापुरात

(सोलापूरच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले ‘अण्णा’ दर महिन्याला वाचकांच्या हवामानविषयक प्रश्नांना उत्तरं देतात.)

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला, तर पत्रामागून पत्र एकाच विषयाचं. अमेरिकेतले टोर्नेडो, म्हणजे ढगातून सोंडेसारखे जमिनीला टेकणारे वाऱ्याचे भोवरे, आणि जूनपासून तिकडे सुरू होणारा हरिकेनचा, म्हणजे अटलांटिक समुद्रातल्या चक्रीवादळांचा हंगाम. यात नवल नाही. सोलापुरात आता दर दोन-चार घरांआड कुणी ना कुणी डॅलसला, ह्यूस्टनला नाहीतर अटलांटाला आहे. म्हणून या वेळी पाण्याच्या टाक्या, गच्चीवरची झाडं वगैरे प्रश्न पुढच्या महिन्यावर टाकले आहेत.

अण्णा, माझा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात ओक्लाहोमा सिटीजवळच्या मूर गावात राहतात. यंदा तिकडे टोर्नेडो फार झाले म्हणून टीव्हीवर रोज दाखवतात. मागच्या शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमाराला नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते, तेवढ्यात मागे भोंगा वाजायला लागला. मुलगा म्हणाला, ‘काही नाही गं आई’ आणि त्याने विषय बदलला. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. तो काही लपवतोय का? परत बोलावून घेऊ का त्याला?
– एक आई, जुळे सोलापूर

ताई, आधी घड्याळाचा हिशोब करू. उन्हाळ्यात ओक्लाहोमाचं घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास असतं. आपल्याकडे शनिवारी रात्रीचे साडेदहा, म्हणजे तिकडे शनिवारचे दुपारचे बारा. ओक्लाहोमा सिटी आणि आसपासच्या गावांत भोंगे नीट चालतात की नाही हे बघायला दर शनिवारी बारा वाजताच ते वाजवून पाहतात. आभाळ बिघडलेलं असेल तर लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून त्या दिवशी चाचणी घेतच नाहीत. तुमचा मुलगा ‘काही नाही’ म्हणाला ते खरंच होतं. आज रात्री निवांत झोपा.

मात्र तुमची काळजी पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. मूर हे नाव हवामानाच्या धंद्यातल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. ३ मे १९९९ ला या गावावरून जो टोर्नेडो गेला त्यात फिरत्या रडारने ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वारा मोजला. आमच्या वेधशाळेच्या गच्चीवरचा कपांचा वातमापक वळवाच्या झोडपात ऐंशी-नव्वदवर गेला तरी आम्ही निरीक्षक एकमेकांची तोंडं बघायचो. पुढे २० मे २०१३ ला त्याच गावावर पुन्हा घाला आला. चोवीस माणसं गेली, त्यांत सात लेकरं एकाच शाळेतली. तो टोर्नेडो ‘ईएफ-५’ ठरला, म्हणजे ताशी ३२२ किलोमीटरच्या वरचा, सगळ्यात वरचा दर्जा. हा दर्जा वादळ चालू असताना देत नाहीत. दुसऱ्या दिवशी माणसं जाऊन पडझड बघतात, घर पायाशी कसं बांधलं होतं, झाडांची साल निघाली का, हे पाहून वाऱ्याचा अंदाज बांधतात. त्यानंतर बारा वर्षं अमेरिकेत एकही ईएफ-५ नोंदला गेला नाही. पुढचा नोंदला गेला तो नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनजवळचा, २० जून २०२५ चा.

आता दुसरी बाजू. ओक्लाहोमा राज्य आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या बारापट मोठं आहे. तिथे वर्षाला सरासरी साठच्या आसपास टोर्नेडो होतात. त्यातले बहुतेक कमजोर, अरुंद, दहा मिनिटांच्या आत विरणारे. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतचा अख्खा जिल्हा डोळ्यांसमोर आणा, त्याच्या बारापट मुलूख धरा आणि त्यात एखाद्या शेतरस्त्याएवढी ओढलेली रेघ बघा. एका विशिष्ट घरावरून ती रेघ जाण्याची शक्यता फार थोडी असते. पण ज्या घरावरून जाते त्या घराला सरासरीचा काही उपयोग नसतो, म्हणून तयारी लागतेच.

तयारी कशाची, हे सांगायला तुमच्या मुलाच्या शेजारचीच एक गोष्ट सांगतो. मूरपासून जवळच टिंकर नावाचा हवाई दलाचा तळ आहे. २० मार्च १९४८ च्या रात्री टोर्नेडोने तिथल्या विमानांचा चुराडा केला. वरिष्ठांनी तळावरच्या फॉबुश आणि मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांना विचारलं, हे आधी सांगता येईल का? दोघांनी जुने नकाशे काढून अभ्यास सुरू केला. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, त्यांना तशीच हवा पुन्हा जुळून येताना दिसली. त्यांनी टोर्नेडोचा इशारा दिला, विमानं हलवली, माणसं सुरक्षित जागी नेली, आणि संध्याकाळी टोर्नेडो खरोखर त्याच तळावर आला. त्या काळी अमेरिकेचं सरकारी हवामान खातं लोकांत घबराट होईल म्हणून टोर्नेडोचा अंदाज जाहीर करायला कचरायचं. इशाऱ्यांची पुढची सगळी व्यवस्था तिथून वाढली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण त्या दोघांनी ‘यंदा किती टोर्नेडो होतील’ हा प्रश्न हातातच घेतला नाही. आज संध्याकाळी, या तळावर, एवढंच पाहिलं.

तिकडे इशारे दोन तऱ्हेचे असतात. पहिला ‘वॉच’. हा मोठ्या टापूसाठी, काही तासांचा, नॉर्मनच्या केंद्रातून निघतो. हवा तशी आहे, लक्ष ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा ‘वॉर्निंग’, म्हणजे रडारवर फिरणारा ढग दिसला किंवा कुणी डोळ्यांनी पाहिला, आता लपा. वॉर्निंग आणि टोर्नेडो यांच्यात सरासरी दहाएक मिनिटं मिळतात. साधारण दहातल्या सात वॉर्निंगनंतर टोर्नेडो येतच नाही, आणि तिथेच माणसं ढिली पडतात. चार वेळा काही झालं नाही की पाचव्या वेळी पोरं अंगणात उभी राहून मोबाईलवर चित्रण करतात. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

तेव्हा मुलाला ‘तिकडे फार वादळं आहेत म्हणे’ असं विचारू नका, तो ‘काही नाही’ म्हणेल. विचारायचं ते असं. घरात सेफ रूम किंवा जमिनीखालचा शेल्टर आहे का? तिकडे बऱ्याच घरांना तळघर नसतं. नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावरची, घराच्या मध्यावरची, बिनखिडकीची खोली कोणती ठरवली आहे? न्हाणीघर, कपड्यांची खोली, जिन्याखालची जागा, काहीही चालेल. तिथे नातीच्या मापाचं हेल्मेट आणि सगळ्यांचे बूट ठेवलेत का? बूट अशासाठी, की वादळ गेल्यावर अनवाणी काचांवरून चालून माणसं जखमी होतात. रात्री झोपताना मोबाईलवरचा सरकारी इशारा बंद तर करत नाही ना? भोंगा मुळात घराबाहेरच्या माणसांसाठी असतो, बंद खिडकीच्या घरात झोपलेल्याला तो ऐकू येईलच असं नाही. आणि नातीच्या पाळणाघराची व्यवस्था काय आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सुनेकडून घ्या. रोज सोडायला-आणायला जाणाऱ्याला ते ठाऊक असतं.

परत मात्र बोलावू नका. पोरगं कामाला लागलंय, सुखात आहे. टोर्नेडो बहुधा तिकडच्या दुपारी उशिरा ते रात्री नऊच्या दरम्यान होतात. म्हणजे आपल्याकडे रात्री अडीच-तीनपासून सकाळी साडेसातपर्यंत. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठला, चहा झाल्यावर, एक फोन करायची सवय लावा. मध्यरात्री उठून बातम्या बघू नका.

एका व्हिडिओत सांगितलं की ज्या वर्षी मार्च ते मे टोर्नेडो जास्त, त्या वर्षी हरिकेनही जास्त, कारण ‘वातावरणात ऊर्जा साठलेली असते’. हे खरं आहे का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, बार्शी

नाही. आणि तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून नुसतं ‘नाही’ म्हणून सोडत नाही, वर्षं मांडून दाखवतो.

१९२५ : १८ मार्चला मिझुरी, इलिनॉय, इंडियाना या तीन राज्यांतून साडेतीनशे किलोमीटर जमिनीवरून घासत गेलेला टोर्नेडो, ६९५ मृत्यू. अमेरिकेच्या नोंदीतला सगळ्यात जीवघेणा. त्याच वर्षी अटलांटिकमध्ये मोजकी चार वादळं नोंदली गेली. १९७४ : ३ आणि ४ एप्रिलला चोवीस तासांत १४८ टोर्नेडो. त्या वर्षी अटलांटिकमध्ये वादळं अकरा, त्यातली नाव दिलेली सात, म्हणजे बेताचा हंगाम. पण त्यातल्याच ‘फिफी’ने सप्टेंबरमध्ये होंडुरासमध्ये हजारो माणसं नेली. २०११ : एप्रिलच्या अखेरीस चार दिवसांत साडेतीनशेच्या वर टोर्नेडो, मेमध्ये जॉप्लिन शहराचा मोठा भाग भुईसपाट, आणि नंतर अटलांटिकमध्ये एकोणीस वादळं. एकदा कमी, एकदा मध्यम, एकदा जास्त. यातून सूत्र निघत नाही.

निघावं तरी कसं? दोघांना लागणारी हवाच वेगळी. टोर्नेडो जन्मतो जमिनीवर. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट गरम हवा येते, पश्चिमेच्या उंच मुलुखाकडून कोरडी हवा येते, आणि वर जोराचं वारं असतं. खालचं वारं एका दिशेचं, वरचं दुसऱ्या दिशेचं आणि जास्त वेगाचं, म्हणून ढग अख्खा फिरायला लागतो. वाऱ्यातली ही तफावत टोर्नेडोला हवी असते. हरिकेनला नेमकी तीच नको असते. त्याला सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर तापलेला समुद्र हवा, आणि खालून वरपर्यंत वारं सारख्या चालीचं हवं. वरचं वारं निराळ्या दिशेने जोरात वाहिलं तर त्याचं डोकं तुटून बाजूला जातं. तुमच्या व्हिडिओवाल्याची ‘साठलेली ऊर्जा’ मार्चपासून सप्टेंबरपर्यंत कुठे बसून राहते, हे त्याने दाखवावं. हवा इतके दिवस काही धरून ठेवत नाही. धरून ठेवतो तो समुद्र.

नातं आहे ते उलट्या बाजूने. हरिकेन किनाऱ्याला लागलं की त्याच्या कडेच्या ढगांतून टोर्नेडो सुटतात. सप्टेंबर २००४ मध्ये ‘आयव्हन’ने असे सव्वाशेच्या घरात सोडले होते.

आता हंगामाच्या अंदाजांबद्दल, कारण खरी चर्चा त्याचीच चालते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातून विल्यम ग्रे यांनी १९८४ पासून असे अंदाज द्यायला सुरुवात केली. आता एप्रिलमध्ये ते विद्यापीठ आणि मेमध्ये अमेरिकेची ‘नोआ’ ही सरकारी हवामान संस्था आकडे जाहीर करते. सरासरी हंगाम म्हणजे नावाची चौदा वादळं (वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की वादळाला नाव देतात), त्यातली सात आणखी जोर धरून हरिकेन झालेली, त्यातली तीन मोठी. मी या कामाला नावं ठेवणार नाही. समुद्राचं तापमान बघून केलेलं ते प्रामाणिक शास्त्र आहे, आणि बहुतेक वर्षी दिशा बरोबर निघते. पण २०१३ चं उदाहरण लक्षात ठेवा. ‘नोआ’ने मेमध्ये सात ते अकरा हरिकेन सांगितली, झाली दोन. आणि याहून मोठी अडचण अशी की अंदाज अचूक निघाला तरी वादळ कुणाच्या दारात येणार हे त्यात नसतं. २०१० मध्ये बारा हरिकेन झाली, त्यातलं एकही हरिकेनच्या जोराने अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं नाही. १९९२ चा हंगाम इतका शांत, की नाव देण्याजोगं पहिलं वादळ यायलाच ऑगस्टचा मध्य उजाडला. नावं इंग्रजी अक्षरक्रमाने देतात, म्हणून पहिलं ‘ए’ने सुरू होणारं, ‘अँड्र्यू’. त्या पहिल्याच वादळाने २४ ऑगस्टला फ्लोरिडातलं होमस्टेड उद्ध्वस्त केलं.

मुलगी फ्लोरिडात टाम्पाला असते. सप्टेंबरमध्ये तिचं बाळंतपण आहे. आम्ही दोघं जाणार, पण हंगाम वाईट म्हणतात. तिकीट काढावं का?
– निवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड

काढा. लेकीला आईची गरज आहे, आणि ती गरज वादळांच्या आकड्यावर थांबत नाही. १० सप्टेंबरच्या आसपास हंगाम ऐन भरात असतो हे खरं, म्हणून जमलं तर ऑगस्टमध्येच पोचा आणि परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या.

जावयांना आजच विचारा की त्यांचं घर स्थलांतराच्या कोणत्या झोनमध्ये आहे. तिथे ‘ए’ ते ‘ई’ असे भाग पाडलेत आणि ते समुद्राच्या पाण्याच्या भीतीवरून ठरवलेत. ‘ए’मध्ये असाल तर हुकूम आल्यावर वाद न घालता निघायचं, नवव्या महिन्यातल्या बाईला घेऊन तर हुकमाच्या एक दिवस आधी. दवाखान्यात वादळाच्या दिवसांत बाळंतिणींची काय सोय करतात, हे डॉक्टरांना पुढच्या तपासणीतच विचारायला सांगा. आणि ‘कॅटेगरी’च्या, म्हणजे हरिकेनच्या एक ते पाच दर्जाच्या, आकड्यावर भरवसा ठेवू नका, तो फक्त वाऱ्याचा असतो, पाण्याचा नाही. २०२४ च्या ‘हेलीन’चं केंद्र टाम्पापासून कितीतरी दूर होतं तरी खाडीचं पाणी घरांत शिरलं. आणि पुढे त्याच वादळाने समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत, पुराने हाहाकार केला.

तिकडे हरिकेन जास्त झाली की आपला पाऊस कमी होतो का? आमच्या गावात एक जण ठामपणे सांगतो.
– ज्वारी उत्पादक शेतकरी, मंगळवेढा

भाऊ, तुमच्या गावातल्या माणसाने दोरीचं टोक धरलंय, पण उलटं. दोन्हीकडे हात घालणारा तिसराच आहे, प्रशांत महासागर. त्याचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की एल निनो म्हणतात. एल निनोच्या वर्षी अटलांटिकवर वरचं वारं जोर धरतं आणि हरिकेन बहुधा कमी होतात. त्याच वर्षी आपला मान्सूनही बहुधा ढिला पडतो. म्हणजे झालंच तर तिकडे वादळं कमी आणि इकडे पाऊसही कमी, अशी जोडी जुळते.

१९७२ घ्या. आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ते साल सांगावं लागत नाही. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी मी शाळकरी वयात खाल्ली आहे, आणि खडी फोडून हाताला घट्टे पडलेली माणसं रोज पाहिली आहेत. त्या वर्षी एल निनो होता आणि अटलांटिकमध्ये सगळी मिळून तीनच हरिकेन झाली. पण त्यातल्या पहिल्याच, जूनमधल्या ‘ॲग्नेस’ने पेन्सिल्व्हेनियात महापूर आणला आणि सगळे मिळून शंभरावर बळी घेतले. २००९ ला पुन्हा तीच जोडी, एल निनो, तिकडे तीन हरिकेन आणि इकडे देशभर दुष्काळ.

आणि मग २०२३ ने सगळी गणितं विस्कटली. एल निनो होता. १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट आपण भोगला आणि पुढच्या उन्हाळ्यात उजनी उणे पातळीत गेली. पण तिकडे अटलांटिकचं पाणीच इतकं तापलेलं होतं की वादळं कमी व्हायच्या ऐवजी वीस झाली. म्हणून सांगतो, अटलांटिककडे बघून पेरणी ठरवू नका.

तुमची ज्वारी सप्टेंबरवर अवलंबून. आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस त्याच महिन्यात, उत्तरा आणि हत्तीच्या सुमारास पडतो, आणि तो बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे. ऑगस्ट संपत आला की हवामान खात्याचा दोन आठवड्यांचा अंदाज बघत जा. उपसागरात काही तयार होऊन आंध्र-तेलंगणावरून पश्चिमेला सरकतंय असं दिसलं की बियाणं बाहेर काढा.

अण्णा, टीव्हीवर ते टोर्नेडो बघून पोरं विचारतात, आपल्याकडे येईल का? आमचं घर पत्र्याचं, आणि मी कामाला जातो ते शेडही पत्र्याचंच.
– यंत्रमाग कामगार, विडी घरकुल

भारतात टोर्नेडो होतात, पण मुख्यतः पूर्वेकडे. ३१ मार्च २०२४ ला बंगालच्या जलपायगुडीत झाला, १९७८ मध्ये दिल्लीतही झाला होता. जगातला सगळ्यात जीवघेणा तर शेजारच्या बांगलादेशातला, २६ एप्रिल १९८९, अंदाजे तेराशे माणसं गेली. पत्र्याची घरं आणि इशारा नाही, हे त्याचं मोठं कारण. आपल्याकडे मे महिन्यात ढग काही कमी उंच नसतात. पण खालच्या-वरच्या वाऱ्यात अमेरिकेसारखी तफावत नसते. आम्ही फुगा सोडून दुर्बिणीतून त्याचा माग घ्यायचो तेव्हा हे कागदावर उतरायचं. माळावर दुपारी उठते ती वावटळ तर ढगाला लटकलेलीच नसते, ती तापलेल्या मातीतून वर जाते. पोरांना सांगा, टोर्नेडोची धास्ती नको.

तुमच्या पत्र्याला खरी भीती दोन गोष्टींची. पहिली, वळवाच्या आधीचा सोसाटा. ढगातली गार हवा एकदम खाली आदळते आणि चहूबाजूंना पसरते. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला असल्याच वाऱ्यात जाहिरातीचा फलक कोसळला आणि सतरा माणसं गेली. दुसरी, बंगालच्या उपसागरातून थेट आपल्यापर्यंत येणारं पाणी. ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागलेला कमी दाबाचा पट्टा साडेसहाशे किलोमीटरहून जास्त चालत आला. पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला, भीमेला पूर आला.

तेव्हा घरापासून सुरुवात करा. पत्र्यावर दगड ठेवले असतील तर ते आधी उतरवा. सोसाट्यात पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली झोपलेल्यांवर पडतात. दगडांच्या जागी पत्रा अँगलला जे-बोल्टने आवळा, कडेच्या आणि कोपऱ्यांच्या ओळींत बोल्ट दाट घाला, कारण वारा पत्रा कडेपासूनच सोलतो. पुढे अँगल भिंतीला बांधलेला हवा, नाहीतर पत्रा अँगलसकट जातो. अमेरिकेतल्या त्या मूर गावाने २०१४ मध्ये घरांचे नियम कडक केले, त्यात भर होता तो छत भिंतीला धातूच्या पट्ट्यांनी जखडण्यावर. तिकडची घरं लाकडी, आपली विटांची, पण काम तेच. फोनवर ‘दामिनी’ ॲप घ्या, वीज जवळ येत असेल तर ते कळवतं. आभाळ काळं होऊन एकदम गार वारा सुटला की पोरांना पत्र्याखालून काढून शेजारच्या स्लॅबच्या घरात न्यायचं. शेजाऱ्याशी हे आजच बोलून ठेवा. जवळपास माळवदाचं घर असलं तर वाऱ्यापुरतं तेही चालेल, संततधारेत मात्र त्याच्या आसऱ्याला जाऊ नका.

शेडबद्दल मालकाशी पाऊस सुरू व्हायच्या आत बोला. त्याला खर्च किती येईल हे माहीत नसतं म्हणून तो टाळतो. मला शेडची लांबी, रुंदी, दोन कैच्यांमधलं अंतर आणि पत्र्याचं माप लिहून पाठवा. बोल्ट आणि पट्ट्या किती लागतील ते मी काढून देतो, तो कागद त्याच्यापुढे ठेवा.